रिकामा शिकंजा

१

अकोल्यात एप्रिल लागला की माणसं दुपारी दारं-खिडक्या लावून कूलरपुढे पडून राहतात. कुलदीप मात्र रविवारची दुपार टिनाच्या शेडमध्ये काढायचा, तीही हौसेनं. आठवडाभर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंग सांभाळणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा लोखंडातच हात घालायचा. लोक जे भंगारात टाकतात ते हा भंगारातून उचलून आणायचा. गंजलेले पाने, मुठी तुटलेले रंधे, जुन्या गॅरेजांमधले जॅक, हातानं फिरवायची ड्रिल मशीन. रॉकेलात भिजवायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, काचपेपर मारायचा, तेल द्यायचं आणि मग भिंतीवर खिळ्याला टांगून समोर बघत बसायचं. त्याची बायको पौर्णिमा म्हणायची, "एवढ्या लाडानं तुमी मले लग्नातही पायलं नाई."

शेड घराच्या मागे होती, मधे नुसतं अंगण. दिवाळीपासून त्या शेडमध्ये आणखी एक माणूस बसायला लागला होता. कुलदीपचे वडील, सूर्यभानजी. मूर्तिजापूरच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते, उभा जन्म हत्यारांत गेला. दिवाळीत लकवा मारला, उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. भिंत धरत, पाय ओढत ते शेडपर्यंत यायचे आणि वेताच्या खुर्चीत बसायचे. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की उन्हाळाभरात बोटं हलली तर हलली, पुढे फार आशा धरू नका. तेव्हापासून कुलदीपच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्या हातानं त्याला सायकलच्या पंक्चरपासून इंजिनापर्यंत सगळं शिकवलं होतं. त्या हाताचं एक बोट हलावं म्हणून तो काहीही करायला तयार होता.

शिकंजा आला तो धामणगाव रेल्वेहून. आयटीआयपासूनचा त्याचा दोस्त नागसेन जुन्या इमारती पाडायची कामं घ्यायचा. तिथली एक बंद पडलेली जिनिंग त्यानं पाडायला घेतली होती, आणि तिच्या वर्कशॉपमधला बाकावर बसवायचा शिकंजा, ज्याला गॅरेजात वाईस म्हणतात, त्यानं टेम्पोत घालून पाठवला. दोघांनाही उचलेना असं धूड. अंगभर लाल गंज, आणि जबड्यांमध्ये आवळलेला एक लाकडी ठोकळा.

ठोकळा बाभळीचा असावा. काळा पडलेला. दोन्हीकडून जबड्याचे दात रुतून रुतून तो मधे पार बारीक झाला होता. सूर्यभानजींनी तो पाहिला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवली.

कुलदीपला नवल वाटलं नाही. फिटर लोक काम संपलं की शिकंज्यात लाकडाचा तुकडा धरूनच घरी जातात, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. शिकंजा रिकामा ठेवायचा नाही, असं बाबा म्हणायचे. रिकामा पाळणा हलवायचा नाही, रिकामी कात्री चालवायची नाही, तसंच हे. पुढे आयटीआयमध्ये त्याला त्यामागचं कारण शिकवलं गेलं. लोखंडावर लोखंड आवळलं की जबड्याचे दात बोथट होतात, एवढंच. कारण कळलं की नियमाची गरज उरत नाही, असं मानणाऱ्यांपैकी कुलदीप होता.

त्यानं तेल सोडलं, वाट पाहिली, मग दांडीत पाइप घालून अंगाचा सगळा जोर लावला. शिकंजा कर्कश ओरडला आणि ढिला झाला. ठोकळा खाली पडला. त्याच क्षणी मागून शर्ट ओढला गेला. सूर्यभानजी खुर्चीतून उठून, कशाचाही आधार न घेता उभे होते आणि डाव्या हातानं त्यांनी त्याचा शर्ट मुठीत धरला होता.

"काय झालं बाबा? लागलं नाई मले," तो म्हणाला. त्यांना त्यानं परत खुर्चीत बसवलं. ठोकळा अंगणातल्या बंबापाशी, जळणाच्या ढिगावर फेकून दिला. दुसऱ्या दिवशीचं अंघोळीचं पाणी त्यावरच तापलं.

२

शिकंजा असा उजळला की कुलदीपलाच आपल्या हातांचं कौतुक वाटलं. गंजाखाली निळसर पोलाद निघालं. दांडी तर त्यानं इतकी घासली की तिच्यात तोंड दिसावं. जाड बाकाला चार भोकं पाडून त्यानं शिकंजा पक्का बसवला.

ज्यांनी शिकंजा चालवला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की त्याची दांडी स्क्रूच्या डोक्यात सैल असते. अर्धा फेरा फिरवला की ती आपल्याच वजनानं भोकातून घसरते आणि तिच्या टोकाची गोळी लोखंडावर आपटते. टण. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा टण. कुलदीप याच आवाजावर लहानाचा मोठा झाला होता.

त्यानं जबडे मिटवले आणि मागून बॅटरी धरली. चांगल्या शिकंज्याची परीक्षा हीच की मिटल्यावर मधून उजेड दिसता कामा नये. उजेडाची रेघसुद्धा आली नाही. त्यानं फोटो काढून हत्यारांच्या ग्रुपवर टाकला. अमरावतीच्या एका जाणकारानं लिहिलं की असं काम आता पाहायला मिळत नाही. कुलदीप दिवसभर फुगून होता.

सूर्यभानजी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांना शेडमधून घरात न्यायला गेलं तर ते खुर्चीचा हात सोडेनात.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर कुलदीप शेडमध्ये डोकावला. जबडे उघडे होते. फार नाही, एक बोट मावेल एवढे. शेजारी बाबा बसलेले. त्याला आधी राग आला, कारण बाबांनी डाव्या हातानं चाळा केला असणार. मग त्याचं लक्ष त्यांच्या उजव्या तळव्याकडे गेलं. तळव्याला ग्रीस लागलं होतं. बोटांच्या आतल्या बाजूला, दांडी धरल्यावर लागतं तसं.

तो धावत घरात गेला. "पौर्णिमा, बाबाचा हात चालला वं! दांडी फिरवली त्याईनं!"

पौर्णिमानं कणकेचे हात तसेच घेऊन शेड गाठली. तिनं मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की जे आवडतं तेच करू द्या, जुन्या कामाची आठवण हातात असते. असा सल्ला कुणाला आवडणार नाही? त्या रात्री कुलदीपनं कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवण केलं. सूर्यभानजी त्याच्याकडे पाहत मान हलवत होते, आडवी, पुन्हा पुन्हा. आजारानं त्यांची मान तशीही थोडी हलायचीच.

३

मग हे रोजचंच झालं. शाळेला सुट्ट्या लागल्यामुळे मास्तरीणबाई, म्हणजे पौर्णिमा, दिवसभर घरी असायची. सकाळी ती मामाजींना शेडमध्ये बसवायची, टेबलफॅन लावून द्यायची आणि कामाला लागायची. स्वयंपाकघरात तिला मागून आवाज यायचा. टण. मग बऱ्याच वेळानं, टण. कूलर चालू असला की काही ऐकू यायचं नाही, पण लाईन गेली की स्पष्ट यायचा. तिला तो आवाज देवघरातल्या घंटीसारखा बरा वाटायचा, असं तिनं कुलदीपला सांगितलं.

संध्याकाळी कुलदीप आला की जबडे उघडे दिसायचे, रोज कालच्यापेक्षा थोडे जास्त. आणि त्यात रोज काहीतरी अडकवलेलं. कधी आंब्याच्या पेटीची फळी, कधी कानशीची मूठ, कधी झाडूचा तुकडा. बाबांच्या हातून वस्तू पडत असतील, असं त्याला आधी वाटलं. पण वस्तू पडलेल्या नव्हत्या, आवळलेल्या होत्या. अशा की काढताना त्याला घाम फुटायचा. तो ते काढायचा, बोटाला फडकं गुंडाळून जबडे आतून पुसायचा, तेल लावायचा आणि पुन्हा उजेड दिसणार नाही असे मिटवायचा. सूर्यभानजी तेव्हा खुर्चीच्या हातावर डावा हात आपटायचे. "हं. हं. हं." एवढाच शब्द त्यांच्याकडे उरला होता.

एकदा त्याचं बोट आत असतानाच दांडी पडली. टण. जबडा केसभर सरकला आणि बोटाच्या पेराला घासला. त्यानं हात मागे घेतला. कोपर लागलं असेल. त्यानं कोपर कुठे होतं ते आठवून पाहिलं आणि मग तो विचार सोडून दिला.

खरी शंका निघाली ती एका साध्या बोलण्यातून. रात्री अंथरूण घालता घालता पौर्णिमा म्हणाली, "आज तुमी दुपारी येऊन गेले काय? जेवले कावून नाई मंग?"

"मी कुठं आलो?"

"अवो, मांगं शिकंजाचा आवाज येऊन रायला होता. मी मामाजीले समोरच्या खोलीत भात भरवून रायली होती. लाईन गेलती ना तवा. मले वाटलं, तुमी आले."

कुलदीप उशीला खोळ घालत होता. ती त्यानं नीट घातली, कोपरे ओढले, मग म्हणाला, "मांजर असन. शिकंजाची दांडी ढिली हाय."

त्याला स्वतःलाही ते पटण्यासारखं वाटलं. ऊन इतकं होतं की लोखंड फुगतं. मांजरानं उडी मारली की दांडी सरकते. सकाळी उठून त्यानं दांडीच्या दोन्ही गोळ्यांना रबराचे वायसर चढवले, म्हणजे आवाज होणारच नाही. संध्याकाळी ते वायसर बाकावर काढून ठेवलेले सापडले, एकावर एक. बाबांनी काढले असतील. रबराचा आवळ वायसर गोळीवरून काढायला दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही हात चालले तर त्याच्यासारखा सुखी माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही. मग त्याला भीती कशाची वाटत होती?

४

त्यानं नागसेनला फोन लावला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "थ्या शिकंजाचं काही माहीत हाय काय बे तुले?"

"काय माहीत असन? लोखंड हाय," नागसेन म्हणाला. "पण एक हाय. थ्या वर्कशॉपात जेवढे शिकंजे होते ना, सगळ्याइत काही ना काही आवळून ठेवेल होतं. लाकूड, नाई तं चिंध्या. एकात हातमोजा होता चामड्याचा. माह्या माणसाईनं थो शिकंजा तसाच कबाड्याले देल्ला. कोणी खोललाच नाई."

"कावून?"

"मी नाई इचारलं राजा. ऊन लय होतं. तू लाकूड काढलं काय?"

"गंज काढाचा म्हटलं तं काढाच लागते."

 नागसेननं एकदम बाबांच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

कुलदीपला त्याचा राग आला. शिकलेला माणूस असून असं अर्धवट बोलून ठेवतो. तोच राग घेऊन तो शेडमध्ये गेला आणि समोर जे दिसलं त्यानं त्याचं डोकंच फिरलं. शिकंज्यात त्याचा शिसवी रंधा आवळलेला होता. पातूरच्या एका सुताराच्या घरून मिनतवारीनं आणलेला, अख्खा हिवाळा खर्चून तयार केलेला रंधा. जबड्यांनी तो दोन्ही कुशींत चावला होता. लाकूड आतपर्यंत फुटलं होतं.

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी?" त्याचा आवाज चढला. "दुसरं काहीच भेटलं नाई तुमाले? रोज मी काढतो, रोज तुमी कोंबता. लहान लेकरू हाय काय तुमी, रोज रोज सांगाले? इथं बसाचं असन तं हात मांडीवर ठिवून बसा!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. हात मांडीवर ठेवण्याशिवाय त्या माणसाकडे दुसरं होतं काय? सूर्यभानजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ते डावा हात उचलत नव्हते, कारण त्या हातानं त्यांनी शिकंज्याकडे बोट केलं होतं. कुलदीपला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की माणूस हातांना काम देतो. त्यानं शेडमधलं होतं नव्हतं ते सगळं लाकूड गोळा केलं. फळ्या, मुठी, खुंट्या, रंधे, झाडूसुद्धा. सगळं घरातल्या माळ्यावर नेऊन टाकलं. मग शिकंजा पुसला, मिटवला, बॅटरी धरून पाहिली.

"आता शांत बसत जा बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमचा हात चांगला झाला पायजे, बस. मले दुसरं काही नाई लागत."

५

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा पातूरला भाचीच्या साक्षगंधाला गेली. कुलदीपनं सुट्टी टाकली. बाबांना त्यानं न्हाऊ घातलं, वरणभात भरवला आणि समोरच्या खोलीत कूलरपुढे निजवलं. स्वतः खाली चटईवर पडला. कूलरचा गार वारा, वाळ्याचा वास. त्याला कधी झोप लागली ते कळलं नाही.

जाग आली ती शांततेनं. लाईन गेली होती. कूलरचा पंखा थांबत थांबत शेवटचा फिरत होता. खोली तापायला लागली होती. बाहेर पक्षीही ओरडत नव्हते.

टण.

त्यानं पलंगाकडे पाहिलं. चादर खाली ओढलेली होती, पलंगावर कुणी नव्हतं.

टण.

बाबा व्यायाम करतायत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मागचं दार उघडं होतं. अंगणातली फरशी पायाला भाजत होती आणि तो अनवाणीच निघाला होता. चालता चालता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. शेडमध्ये आता लाकडाचा तुकडाही नाही. काल आपणच तो ठेवला नाही.

टिनाखाली इतकं ऊन भरलं होतं की आधी काही दिसेना. मग बाबा दिसले. ते बाकाला टेकून उभे होते. त्यांचा उजवा हात, तो मेलेला हात, शिकंज्याच्या जबड्यांत होता. बोटांच्या मुळापर्यंत आत. ते ओरडत नव्हते. वादळात दार आतून दाबून धरलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा होता.

आणि त्यांचा डावा हात दाराकडे होता. तळवा कुलदीपच्या दिशेनं, आडवा. येऊ नको.

कुलदीपनं दोन्ही हात पाहिले. एक आत, एक आपल्याकडे. मग त्यानं दांडीकडे पाहिलं.

दांडी वर चढत होती. सावकाश, जोर लागत असल्यासारखी. वर गेली, कलली, भोकातून घसरली. टण. आरशासारख्या घासलेल्या त्या पोलादावर, भट्टीसारख्या तापलेल्या त्या शेडमध्ये, वाफ धरली होती. हिवाळ्यात काचेजवळ तोंड नेलं की धरते तशी. ती सगळीकडे नव्हती. चार बोटं आणि एक अंगठा, एवढ्याच जागी होती.

एक क्षण. मग वाफ विरली आणि पुन्हा दांडीच्या दुसऱ्या टोकाला धरली.

त्यानं झेप घेतली आणि दांडी पकडली. ती बर्फासारखी गार होती. उलटी फिरवायला त्यानं अंगातला सगळा जोर लावला. ट्रॅक्टरचं चाक एकट्यानं उचलणारा तो माणूस, पण दांडी त्याच्या हातात जागची हलली नाही. पलीकडून कुणीतरी धरलं होतं आणि त्याला घाई नव्हती. बाबांच्या तोंडून पहिल्यांदाच कण्हल्यासारखा आवाज निघाला.

कुलदीप पळाला. माळ्यावर चढायला वेळ नव्हता. स्वयंपाकघरात हाताला लागलं ते लाटणं उचलून तो परत आला आणि ते त्यानं जबड्यांजवळ नेलं. पुढचं त्यानं नंतर कितीदा आठवलं, कितीदा नाकारलं. लाटणं पुढे आलं तशी दांडी थांबली. मग आपणहून उलटी अर्धी फिरली. टण. बाबांचा हात सुटला आणि खाली लोंबला. त्यानं लाटणं आत कोंबलं आणि स्वतःचा हात ओढून घेतला, तो थोडक्यात वाचला.

जबडे मिटले. शिसमाचं लाटणं कुरकुरलं आणि गप्प झालं.

बापलेक कितीतरी वेळ शेडच्या उंबऱ्यावर एकमेकांना धरून बसून होते. कुलदीप लहान पोरासारखा रडत होता आणि सूर्यभानजी डाव्या हातानं त्याची पाठ थोपटत होते.

६

हाड मोडलं नव्हतं. हातावर दोन्हीकडून जबड्याच्या दातांची जाळी उमटली होती, तीही काही दिवसांत निळी-पिवळी होऊन गेली. पौर्णिमाला त्यानं सांगितलं की व्यायाम करता करता हात आत गेला, मी होतो म्हणून बरं. दांडीवरच्या बोटांचं काय सांगणार? सांगताना आपल्यालाच हसू येईल, नाहीतर आपलं डोकं फिरलंय असं तिला वाटेल. 

शिकंजा नागसेन येऊन घेऊन गेला, लाटण्यासकट.  टेम्पोत चढवताना लाटण्याला धक्का लागू नये म्हणून त्यानं आपला गमछा काढून वरून बांधला. बाकावर नुसती चार भोकं उरली. कुलदीपनं शेडला कुलूप घातलं आणि हौस संपवली.

आणि मग एका सकाळी सूर्यभानजींच्या उजव्या हाताची बोटं हलली.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. कुलदीपच्या आनंदाला खरं तर पार नसायला हवा होता. त्यानं बोटं हलताना नीट पाहिलं. ती एकदम मिटत नव्हती. थोडी मिटायची, थांबायची. पुन्हा थोडी, पुन्हा थांबायची. बाबा तेव्हा हाताकडे बघत नसत, ते कुलदीपकडे बघत. त्यानं माळ्यावरून बाभळीचा एक तुकडा काढला, तासून मुठीत मावेल असा केला आणि त्यांच्या तळव्यात ठेवला. बोटं त्यावर मिटली. बाबांनी डोळे मिटून श्वास सोडला आणि दिवाळीपासून पहिल्यांदा ते गाढ झोपले.

तेव्हापासून तो तुकडा त्यांच्या मुठीत असायचा, झोपेतसुद्धा. मधे तो हळूहळू बारीक होत होता. कुलदीपनं दुसरा तासून ठेवला होता. "थे लाकूड त्याईच्या हातातून काढत नको जाऊ," एवढं त्यानं पौर्णिमाला बजावलं होतं. "डॉक्टरनं सांगतलं काय?" तिनं विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता.

जूनच्या तोंडावर एक दिवस तो जेवायला घरी आला तेव्हा लाईन गेलेली होती. घर शांत होतं. समोरच्या खोलीत पलंगाशी स्टूल घेऊन पौर्णिमा बसली होती. शेजारी पाण्याची वाटी, ओला रुमाल. बाबांचा हात तिनं स्वच्छ धुतला होता. इतका की नखंसुद्धा चमकत होती.

"इकडं या, पाहा काय झालं थे," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मी म्हटलं, किती घाण झालं थे लाकूड, कुबट वास येऊन रायला. धुऊन उन्हात टाकलं अन् म्हटलं, मामाजी, दाबा माहा हात. तं त्याईनं धरला. पाहा ना, कसा पक्का धरला."

तिचा हात बाबांच्या मुठीत होता, बोटांच्या मुळापर्यंत. खिडकीत बाभळीचे दोन्ही तुकडे वाळत ठेवले होते. सूर्यभानजींचे डोळे कुलदीपवर होते आणि त्यांचा डावा हात खिडकीकडे बोट करत होता.

"सोडा आता मामाजी," पौर्णिमा हसून म्हणाली. "भाजी करपन माही."

बोटं थोडी मिटली. थांबली.

मागच्या अंगणातून, कुलूप घातलेल्या शेडमधून, आवाज आला. टण.

पौर्णिमानं मान वळवून दाराकडे पाहिलं. "मांगं कोण आलं हो?" तिनं विचारलं. ती अजून हसत होती.